कायमचा पत्ता

मार्च 2023 च्या शेवटी, रमजानचे पहिले चार-पाच रोजे झाले होते तेव्हा धाकट्याचा पुण्याहून फोन आला. कॅनडाच्या कायम वास्तव्याची मंजुरी आली होती. तो, सूनबाई आणि तीन वर्षांची नात, तिघांचीही. सानगडीसारख्या गावात अशी बातमी घरात ठेवता येत नाही. त्याच रात्री तरावीह संपता संपता ती मशिदीच्या पायऱ्यांवर पोचली आणि सकाळी दूध घालायला आलेल्याने आम्हालाच विचारले, "गुरुजी, तुमचा पोरगा कॅनडाचा झाला म्हन्ते?"

झाला नव्हता. हे आम्ही पुढचे तीन-चार महिने लोकांना समजावत होतो. कायम वास्तव्याची परवानगी म्हणजे त्या देशाचे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो. तिथे राहता येते, नोकरी करता येते, मुलांना सरकारी शाळेत घालता येते. मत देता येत नाही. पाच वर्षांत किमान 730 दिवस तिथे राहावे लागते, नाहीतर हा हक्क धोक्यात येतो. आणि जे कार्ड मिळते त्याची मुदत असते पाच वर्षे. कायमच्या कार्डाला मुदत कशी, असे मुलाच्या अम्मीने विचारले तेव्हा त्याने हक्क कायम असतो, कार्ड बदलावे लागते, असे सांगितले. तिला ते पटले नाही. खरे सांगायचे तर आम्हालाही नाही.

मंजुरी आली म्हणजे संपले, असे आम्हाला वाटले होते. पण आमच्या गावात घरकुलाच्या यादीत नाव लागते तेव्हा काय होते ते आम्ही पाहिलेले आहे. नाव लागले त्या दिवशी पेढे, आणि दुसऱ्या दिवसापासून धावपळ. पासबुक आणा, जागेचा नमुना आठ आणा, करारनामा करा, पाया खोदल्याचा फोटो काढा. कॅनडाचेही तसेच निघाले. मोठ्या माणसामागे 515 डॉलर कायम वास्तव्याच्या हक्काची फी. लहान मुलीला माफ. दोघांचे मिळून रुपयांत साठ हजारांच्या वर गेले. मग तिघांचे पासपोर्ट व्हिसा केंद्रात जमा केले. ते शिक्का घेऊन परत आले, त्यांच्यासोबत प्रत्येकाच्या नावाचा एक मंजुरीचा कागद. त्या कागदावर एक तारीख होती. त्या तारखेच्या आत कॅनडाच्या जमिनीवर पाऊल ठेवायचे. ती तारीख वाढत नाही. आदल्या नोव्हेंबरात तिघांची वैद्यकीय तपासणी झाली होती, तिला वर्ष व्हायच्या आतली ती तारीख होती. म्हणजे पुढचे सगळे दिवस मोजलेले.

आम्ही त्याला घाई का, असे म्हटले नाही. तो आधीच खूप थांबला होता. डिसेंबर 2020 पासून जुलै 2022 पर्यंत, कोविडच्या त्या काळात, त्याच्यासारख्या देशाबाहेरून अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांच्या सोडतीच कॅनडाने बंद ठेवल्या होत्या. दीड वर्ष हा मुलगा दर आठवड्याला निकाल पाहायचा, परीक्षेचा निकाल लागत नसलेल्या पोरासारखा.

आता मूळ कागद गोळा करायचे होते. छायाप्रती अर्जासोबत कधीच गेल्या होत्या, पण उतरताना विमानतळावर मूळ कागद मागू शकतात, म्हणून जन्माचे दाखले, निकाहनामा, पदव्या, नोकरीची पत्रे, पोरीच्या लसीकरणाचे कार्ड, सगळे एका फाइलीत हवे होते. त्यासाठी अम्मीने पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली.

या पेटीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ती पूर्वी थंडीच्या गोधड्यांची पेटी होती. कागदांची झाली ती 2019-20 च्या हिवाळ्यात. ऑगस्ट 2019 मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि 19 लाखांहून अधिक माणसे तिच्या बाहेर राहिली. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला. देशभर नोंदणी होणार की नाही, कोणते कागद लागणार, कुणालाच ठाऊक नव्हते. पण आमच्या मोहल्ल्यातले एकही घर असे नव्हते, जिथे त्या महिन्यांत कपाटे उपसली गेली नाहीत. शाळेतून दाखल-खारीजची नक्कल, तहसिलीतून कोतवाल बुकाची नक्कल, जुन्या मतदार यादीचे पान. गावातल्या झेरॉक्सवाल्याने त्या हिवाळ्यात दुसरे यंत्र घेतले. आम्ही आयुष्यभर शाळेत दाखले लिहिले, म्हणून लोक आमच्याकडे यायचे. "गुरुजी, आमच्या बापाच्या नावात 'शेख' पुढे आहे का मागे, जरा बघा."

हा 'शेख'चा आणि 'मोहम्मद'चा प्रश्न किरकोळ नाही. आमच्या एकाच घरात 'मोहम्मद' चार प्रकारे लिहिलेला आहे. शाळेच्या रजिस्टरात 'मो.', रेशनकार्डावर 'महंमद', आधारवर पूर्ण, आणि इंग्रजीत कुठे एम-डी, कुठे एम-ओ-एच-डी. आसामातल्या ज्या बातम्या वाचत होतो, त्यांत नावातल्या एका अक्षरावरून अडकलेली माणसे होती. म्हणून आम्ही तेव्हाच घरातल्या प्रत्येकाचे 'ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र करून ठेवले होते. सुदैवाने ते कुणाला दाखवायची वेळ आली नाही. पेटी पुन्हा पलंगाखाली गेली.

आणि तीन वर्षांनी तीच पेटी, तेच कागद, कॅनडासाठी बाहेर आले. भीतीने जमवलेले ते सगळे इथे उपयोगी पडले. धाकटा हसून म्हणाला, "अब्बा, तुम्ही माझी अर्धी फाइल आधीच करून ठेवली होती." आम्ही हसलो नाही. इथलेच आहोत हे सांगायला जमवलेले कागद इथून जायला कामी येत होते. त्यावर कसे हसायचे ते आम्हाला सुचले नाही.

त्या कागदांत आमच्या वडिलांचाही एक होता, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. वडील सानगडीतच जन्मले आणि सानगडीतच, किल्ल्याच्या पडक्या बुरुजांकडे पाहत म्हातारे झाले. गाव सोडून त्यांनी कुठे मुक्काम केला असेल तर नातेवाइकांच्या लग्नात. तरी हा माणूस चार राज्यांत राहिला. जन्म झाला तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. 1950 मध्ये ते राज्य मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. घर तेच, अंगणातला कडुनिंब तोच. आम्ही स्वतः 1954 चे, म्हणजे जन्माने मध्य प्रदेशी! अर्जात आई-बापांचे जन्मस्थान विचारले होते तेव्हा धाकट्याने फोन केला, "अब्बा, राज्य कोणते लिहू?" आम्ही म्हटले, गाव लिही. गाव बदलले नाही.

सूनबाईची तर वेगळीच गंमत. तिचे माहेर अर्जुनी मोरगाव, जन्म 1992 चा. तिच्या जन्मदाखल्यावर 'जिल्हा भंडारा' आहे. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्जुनी मोरगाव तिकडे गेले. तिच्या बाकीच्या कागदांवर गोंदिया. हे दोन जिल्हे नव्हेत, एकाच जिल्ह्याचे पुढे दोन झाले, असे स्पष्टीकरणाचे पत्र तिने इंग्रजीत लिहून फाइलीत लावले होते. महाराष्ट्राच्या जिल्हा विभाजनाचा इतिहास कॅनडाच्या एखाद्या अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घालत वाचला असेल, असे मनात येते आणि बरे वाटते.

निकाहनाम्याचे भाषांतरही मजेचेच झाले होते. आमच्याकडचा निकाहनामा उर्दूत. ग्रामसेवकाकडे केलेल्या विवाहनोंदणीचा दाखला होता, तरी मूळ निकाहनाम्याचेही प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडायचे ठरले. मेहरच्या रकमेपुढे 'सिक्का राइजुल वक्त' असे लिहितात, म्हणजे त्या काळी चलनात असलेले नाणे. भाषांतरकाराने नागपूरहून फोन करून विचारले, हे नाणे म्हणजे सोन्याचे की चांदीचे? आम्ही म्हटले, बाबा, साधे रुपये.

ईदनंतर सूनबाईच्या माहेरी निरोप घ्यायला गेलो तेव्हा व्याही आम्हाला गोठणगावच्या बाजूला घेऊन गेले. प्रतापगडजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. 1972 पासूनची. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला आणि दर्ग्यावर गेलेल्या आमच्या सगळ्या पिढ्यांना ती ठाऊक आहे. हिवाळ्यात स्वेटर विकणारी ही माणसे. गोंदिया जिल्हा होऊन इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या लोकांत ही वसाहत अजून 'भंडारा' म्हणूनच ओळखली जाते. अर्धशतक इथे काढून त्यांच्यातल्या अनेकांच्या हातात आजही परदेशी माणसाचे नोंदणीपत्र आहे, ठरलेल्या मुदतीने नूतनीकरण करायचे. 26 जानेवारी 1950 ते 1 जुलै 1987 या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच भारतीय आहेत, हे दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका प्रकरणात मान्य केले आणि 2016 मध्ये अशांना पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे काय? धाकट्याने सांगितले की टोरोंटोत पार्कडेल नावाच्या भागात तिबेट्यांची मोठी वस्ती आहे. व्याही म्हणाले, "म्हणजे शेजारी तिकडेही भेटतील." आम्ही त्या वसाहतीच्या रस्त्यावर गाडी थांबवून चहा प्यायलो. पन्नास वर्षे राहून कायम न झालेली माणसे आमच्या समोरून जात होती आणि आमच्या मुलाला, ज्या देशात त्याने अजून पाय ठेवला नव्हता, तिथे कायम राहायची मंजुरी मिळालेली होती.

घरात मात्र खरा ताण दुसराच होता. आमची थोडी धानाची शेती आहे. ती थोरला पाहतो. एका रात्री जेवताना थोरला म्हणाला, "तो कायमचा चालला आहे. जाण्याआधी हक्कसोडीचे लिहून घेतलेले बरे." त्याच्या मनात पाप नव्हते. पण रोवणीच्या वेळी चिखलात तोच उतरतो, हेही खरे. धाकटा म्हणाला, कुठे सही करू सांगा. दोघे भाऊ त्यानंतर दोन दिवस एकमेकांशी कामापुरते बोलले. साकोलीच्या वकिलांनी हा प्रश्न पाच मिनिटांत संपवला. मुस्लिम कायद्यात बाप जिवंत असताना मुलाचा जमिनीत हिस्सा नसतोच. जो नाही तो सोडणार कसा? आम्ही गेल्यावर वारसा उघडेल, तेव्हा पाहा. आणि परदेशात राहणाऱ्या भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेली ठेवता येते.

बाहेर पडल्यावर अम्मी म्हणाली, "दोघांचे बोलणे झाले. पोरीचे कुणी विचारले का?" आमची मुलगी पवनीला दिलेली आहे. तिचा हिस्सा भावाच्या निम्मा, पण आहे. आमच्या समाजात मुलीचा हिस्सा शरियतमध्ये असतो आणि सातबारावर नसतो. त्या दिवशी दोन्ही भावांसमोर हे आम्ही स्पष्ट बोललो. कॅनडाच्या निमित्ताने एवढे तरी झाले.

जून महिना सामानाच्या यादीत गेला. कॅनडात पहिल्यांदा उतरताना दोन याद्या द्याव्या लागतात. एक सोबत आणलेल्या सामानाची, दुसरी मागाहून येणाऱ्या सामानाची. प्रत्येक वस्तूची किंमत डॉलरमध्ये. पहिल्याच वेळी यादीत जे लिहिले ते पुढे केव्हा तरी आणले तर त्यावर कर लागत नाही. जे लिहिले नाही त्यावर लागू शकतो. दागिन्यांचे फोटो आणि सराफाकडचा किमतीचा कागद हवा. धाकटा लॅपटॉप घेऊन बसला आणि अम्मी एक एक वस्तू समोर ठेवत गेली. सूनबाईचा हार, बाळीच्या कानातले, लग्नातल्या बांगड्या. मग तिने आपल्या सासूचे चांदीचे तोडे काढले, ज्यांचे आकडे झिजून गुळगुळीत झाले आहेत. सराफाने वजनावर किंमत लावली. "एवढीच?" ती म्हणाली. धाकट्याने तेवढीच लिहिली.

मागाहून येणाऱ्या सामानाच्या यादीत तिने पानदान लिहायला लावले, लाकडी रेहल, दोन जानमाज, पितळेचा बधना. बधन्याला इंग्रजीत काय म्हणायचे यावर नवरा-बायकोत बराच खल झाला. शेवटी 'तोटीचे पितळी भांडे' अशा अर्थाचे काहीतरी लिहिले. मग ती सहज म्हणाली, "ही मागाहून येणारी यादी किती दिवसांत न्यावी लागते?"

"त्याला मुदत नाही, अम्मी."

"मग आमचीही नावे लिही त्यात."

धाकट्याने लॅपटॉप बंद केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. सूनबाईने उरलेली यादी रात्री एकटीने पुरी केली.

आई-बापांना कायमचे बोलावून घेण्याचा मार्ग आहे, पण तो सोडतीचा. 2020 मध्ये ज्यांनी नावे नोंदवली होती, त्यांच्यातूनच पुढच्या वर्षांत निवड होत राहिली. त्यानंतर आलेल्यांना दार बंद. दुसरा मार्ग म्हणजे आई-बापांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा. जुलै 2022 पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी निदान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा लागतो. आमच्या वयाला आणि अम्मीच्या साखरेला त्याचा हप्ता किती पडेल ते धाकट्याने एकदा सांगितले. आम्ही तो आकडा पुन्हा काढला नाही.

बकरीद 29 जूनला झाली. जुलैत, रोवणी जोरात असताना, आम्ही तिघांना नागपूरच्या विमानतळावर सोडले. अम्मीने चिन्नोरच्या तांदळाची पिशवी दिली होती. तीही यादीत जाहीर केलेली. थोरला शेतातून थेट आला, पायाला चिखल तसाच. भावाच्या गळ्यात पडून तो जे रडला, तसा तो आजोबांच्या मयतीलाही रडला नव्हता.

उतरल्यावर काय झाले ते फोनवर कळले. टोरोंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने कागद पाहिले, कधी गुन्हा केला आहे का, आणखी कुणी मूल-बाळ आहे का जे अर्जात लिहिले नाही, असे विचारले, सह्या घेतल्या आणि म्हणाला, स्वागत आहे. तेवढ्यात माणूस कायम झाला. मग त्याने विचारले, कार्ड कोणत्या पत्त्यावर पाठवू? धाकट्याजवळ स्वतःचा पत्ता नव्हता. मिसिसागात एका ओळखीच्या माणसाने घराखालचे तळघर महिनाभरासाठी दिले होते, तोच पत्ता त्याने सांगितला. पुढच्या आठवड्यात त्याला नऊ आकडी विमा क्रमांक मिळाला, ज्याच्याशिवाय तिथे पगार मिळत नाही. तात्पुरत्या माणसांचा क्रमांक नऊने सुरू होतो आणि कायमच्यांचा नाही, हे तो फार खुशीत सांगत होता. पुढे त्याने दोन घरे बदलली. आमच्या डायरीत त्याचे दोन पत्ते खोडलेले आहेत. बँकेत त्याचे इथले खाते अनिवासी झाले. त्या फॉर्मवर 'कायमचा पत्ता' या रकान्यात त्याने सानगडीच लिहिले.

एक गोष्ट आम्ही त्याला अजून विचारलेली नाही. पाच वर्षांत 1095 दिवस तिथे काढले की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ते घेतले तर इथले जाते, पासपोर्ट परत करावा लागतो, आणि ओव्हरसीज कार्ड घेऊन माणूस आपल्याच गावात पाहुणा म्हणून येतो. ज्या गोष्टीचा पुरावा म्हणून आम्ही एका हिवाळ्यात कोतवाल बुकापर्यंत गेलो, ती तो एका अर्जाने सोडून देईल का? त्याला तसे करायचा पूर्ण हक्क आहे. तिथे त्याच्या पोरीला कुणी नावातले 'मोहम्मद' तपासून पाहणार नाही, असे त्याला वाटत असेल तर ते चूक आहे असेही आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? दिवसांचा हिशेब मात्र अम्मी ठेवते. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर.

परदेशात गेलेल्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला आपल्या पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार म्हणून राहता येते, हा कायदा 2010 चा. त्याचा वेगळा फॉर्म असतो, सहा-अ. तो त्याने भरला होता. मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन इथल्याच केंद्रावर यावे लागते. लोकसभेच्या निवडणुकीआधी मतदार यादीचे काम करणारी अंगणवाडीची बाई घरी आली. आमच्या हाताखाली शिकलेली. तिने रजिस्टर उघडले, धाकट्याच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाली, "गुरुजी, हा इथं राहते का?"

आम्ही म्हटले, पत्ता हाच आहे.

तिने जरा विचार केला, खूण केली आणि मोबाइल नंबर मागितला. अम्मीने डायरीतून वाचून दाखवला. रकान्यात घरे दहाच होती. नंबरही दहाच आकड्यांचा निघाला, अगदी आपल्यासारखा. त्याच्या आधीचा देशाचा एक आकडा तिने समासात लिहिला.